शाहूंच्या करवीरात स्त्रीमुक्तीची गरज उरली आहे काय?

पाश्चात्य देशांत स्त्रीमुक्तीच्या चळवळीचे कार्य आता संपले आहे, असे मानणारा एक वर्ग गेली काही वर्षे तेथे बळावत चालला आहे. मताधिकार मिळाला, विद्यापीठांची दारे उघडली, समान वेतनाचे कायदे झाले, स्त्रिया पंतप्रधान झाल्या. मग या बायका अजून भांडतात तरी कशासाठी, असा या वर्गाचा सवाल असतो. सातासमुद्रांपलीकडचा हा सवाल कोल्हापुरात निराळ्या पोशाखात भेटतो. येथे तो डोक्याला फेटा बांधून येतो. औरंगजेबाशी झुंजलेल्या ताराराणीची ही गादी, शाहू छत्रपतींची ही भूमी. येथे स्त्रीला जे द्यावयाचे ते शंभर वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे, तेव्हा मुंबई-पुण्याच्या स्त्रीवाद्यांनी येथे येऊन शिकविण्यासारखे काही नाही, असे अभ्यासवर्गांत, नाक्यावरच्या चर्चेत आणि क्वचित चळवळीच्या बैठकांतही बोलले जाते. बोलणारे सगळेच प्रतिगामी असतात असे नाही. कित्येक जण शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव मनापासून घेणारे असतात. म्हणूनच त्यांना उत्तर देणे अगत्याचे आहे.

त्यांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. शाहू छत्रपतींनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला. १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहांना कायद्याचे संरक्षण दिले. स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदाही त्याच साली झाला. १९२० मध्ये जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेला त्यांनी हात घातला. १९१८ साली धाकटे राजपुत्र शिवाजी यांचा शिकारीत अपघाती मृत्यू झाला, तेव्हा वयाने अगदीच कोवळ्या असलेल्या विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, वाड्याच्या अंधारात न ढकलता महाराजांनी सोनतळीच्या कॅम्पवर तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. सासरच्या छळाविरुद्धचे ४९८ अ हे कलम भारतीय दंडविधानात यावयास १९८३ साल उजाडावे लागले, म्हणजे करवीर संस्थानाने जो विचार केला तो देशाच्या संसदेला सुचावयास चौसष्ट वर्षे लागली. घरातल्या हिंसेविरुद्धचा स्वतंत्र कायदा तर २००५ चा. ही पुण्याई मोठी आहे आणि तिचा अभिमान कोणी बाळगला तर त्यात वावगे काही नाही.

परंतु या पुण्याईचे पुढे काय झाले? ६ मे २०२२ रोजी शाहू छत्रपतींच्या मृत्यूला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या स्मृतिशताब्दीच्याच दिवसांत शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, तिच्या बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, पायांतली जोडवी काढणे हे प्रकार गावात यापुढे होऊ नयेत, असे त्या ठरावात म्हटले होते. ठराव मांडणारी आणि त्याला अनुमोदन देणारी, दोघीही स्त्रियाच होत्या. कोरोनाच्या साथीत ऐन तारुण्यात विधवा झालेल्या स्त्रियांचे हाल पाहून करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी या प्रथांविरुद्ध मोहीम आरंभिली होती. तिला पहिले उत्तर हेरवाडने दिले. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. देशभरच्या वृत्तपत्रांनी गावाचे कौतुक केले आणि ते योग्यच होते.

मात्र कौतुकाच्या भरात एक हिशेब करावयाचा राहून गेला. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १९१७ चा आणि विधवेच्या हातातील बांगडी न फोडण्याचा ठराव २०२२ चा. जी स्त्री पुन्हा लग्न करू शकते असे राजाने जाहीर केले, तिच्या कपाळाचे कुंकू तिच्या इच्छेविरुद्ध पुसू नये हे गावाने म्हणावयास एकशे पाच वर्षे जावी लागली. आणि तीही कोठे आडरानात नव्हे, तर राजधानीपासून जवळच, ऊस आणि दूध यांनी समृद्ध झालेल्या, साखर कारखाने आणि सूतगिरण्या असलेल्या तालुक्यात. हेरवाडला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. जे हेरवाडने उघड बोलून दाखविले ते इतर हजारो गावांत मुकाट्याने चालत होते आणि आहे. प्रश्न असा आहे की, एवढ्या उत्तम कायद्यांच्या खाली जीवन इतके जसेच्या तसे कसे राहिले?

याचे उत्तर शाहू छत्रपतींच्या मोठेपणाला बाधा न आणता देता येते. ते कायदे दरबारातून आले. ब्राह्मणेतर चळवळ त्यांच्या पाठीशी होती, सत्यशोधक जलसे खेडोपाडी जात होते. परंतु ज्या स्त्रियांसाठी ते कायदे होते त्यांची स्वतःची अशी संघटना त्यांच्यामागे उभी नव्हती आणि त्या काळी ती उभी राहणे सोपेही नव्हते. महाराज गेले, १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हे कायदे २६ जूनच्या जयंतीच्या भाषणांत मुक्कामाला गेले. ज्यांना हक्क मिळाला त्यांच्या हातात तो राखण्याचे साधन नसेल तर हक्काचे असेच होते.

पाश्चात्य देशांतही याहून वेगळे घडलेले नाही. अमेरिकेचे उदाहरण ताजे आहे. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क घटनेच्या संरक्षणाखाली आणला. दोन पिढ्या स्त्रिया तो हक्क गृहीत धरून वाढल्या. २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने तो काढून घेतला आणि अनेक राज्यांत गर्भपात पुन्हा गुन्हा ठरला. पुण्या-कोल्हापुरातून शिकून तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मुलीही त्या निकालाने आपण राहतो ते राज्य कोणते याचा विचार करू लागल्या असतील. कारण भारतात १९७१ च्या कायद्याने आईच्या पिढीला जी वैद्यकीय सोय मिळाली, ती तिकडे लेकीला मिळेलच याची शाश्वती उरली नाही. आधुनिकता ही एकदा चढून गेल्यावर खाली न येणारी पायरी आहे, अशी समजूत असणाऱ्यांना हा धडा पुरेसा व्हावा.

आइसलँड या चिमुकल्या देशाचे उदाहरण दुसऱ्या अंगाने बोलके आहे. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तेथील सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी घरचे आणि बाहेरचे दोन्ही काम एका दिवसापुरते बंद ठेवले. मासळीचे कारखाने, शाळा, बालवाड्या थांबल्या आणि बापांना मुले कचेरीत घेऊन जावी लागली. पाच वर्षांनी त्या देशाने विग्दिस फिनबोगादोत्तिर या स्त्रीला राष्ट्राध्यक्षपदी निवडून दिले. स्त्री-पुरुष समतेच्या जागतिक क्रमवारीत आइसलँड पुढे वर्षानुवर्षे पहिला राहिला. स्त्रीमुक्तीची गरज कोठे संपली असेलच तर ती तेथे. पण २४ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच देशातील स्त्रियांनी पुन्हा दिवसभराचा संप केला आणि त्या वेळच्या पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर स्वतः त्यात सामील झाल्या. तक्रारी दोन होत्या: ज्या व्यवसायांत स्त्रिया बहुसंख्य आहेत त्यांचे वेतन कमी, आणि घरातल्या हिंसेला अद्याप आळा नाही.

इंग्लंडमध्ये डॅगनहॅमच्या फोर्ड कारखान्यात मोटारींच्या बैठकांची कव्हरे शिवणाऱ्या स्त्रियांनी १९६८ मध्ये संप केला आणि १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, २०१८ च्या ऑक्टोबरात, ग्लासगो महापालिकेच्या सुमारे आठ हजार सफाई, स्वयंपाक व शुश्रूषा कामगार स्त्रियांना समान वेतनासाठी रस्त्यावर उतरावे लागले. त्या वेळी कचरा उचलणाऱ्या पुरुष कामगारांनी त्यांचा पहारा ओलांडून कामावर जाण्यास नकार दिला, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्यांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. स्त्रीमुक्तीने कामगारवर्गात फूट पडते असे सांगणारे या प्रसंगाचा उल्लेख करीत नाहीत.

तेव्हा पश्चिमेत गरज संपली हे म्हणणेच खोटे आहे. परंतु कोल्हापूरचा दाखला पश्चिमेपेक्षाही कठोर आहे, कारण येथे केवळ हक्क टिकला नाही असे नव्हे, तर समृद्धीबरोबर अन्याय वाढला.

शिरगणतीतील आकडे पाहावेत. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली किती, याचा कोल्हापूर जिल्ह्याचा आकडा १९९१ मध्ये ९३१ होता. २००१ मध्ये तो ८३९ वर आला. दहा वर्षांत ब्याण्णवची घसरण. त्याच काळात महाराष्ट्राचा आकडा ९४६ वरून ९१३ झाला, म्हणजे शाहूंचा जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने घसरला. हा काही दुष्काळी, निरक्षर, उपाशी जिल्हा नव्हे. सहकार, पाटाचे व उपसा सिंचनाचे पाणी, दूध, गूळ, फौंड्री उद्योग, शिक्षणसंस्था या सर्वांत तो राज्यात वरच्या रांगेत बसतो. गरिबीमुळे मुली नकोशा होतात, विकास आला की हे आपोआप थांबेल, असे जे समीकरण डाव्या चळवळीतही पुष्कळ काळ मांडले गेले, ते या आकड्यांनी मोडून काढले. मुलगी नको ही इच्छा जुनीच होती. सोनोग्राफीचे भाडे देण्याची ऐपत नवी होती. जमिनीला पाणी मिळाले, तिची किंमत वाढली, आणि तिची वाटणी टाळण्याची निकडही वाढली.

त्याहून महत्त्वाचे असे की, ही घसरण कायदा नसताना झाली नाही, कायदा असताना झाली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला, आणि तोही मुंबईतील स्त्री-संघटना, आरोग्य कार्यकर्ते व शास्त्रज्ञ यांनी काही वर्षे सतत लढा दिल्यानंतर. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. मग चळवळ ओसरली, समित्या कागदावर राहिल्या आणि यंत्रे मात्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. २००० साली सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा कोठे राज्य सरकारांना यंत्रांची नोंदणी करण्याची आठवण झाली आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला. पुढे कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला तपासण्यांची नोंद ठेवणारे उपकरण जोडण्याचा उपक्रम झाला. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २०११ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. त्या वर्षीच्या शिरगणतीत जिल्ह्याचा आकडा ८६३ पर्यंत सावरला. राज्याचा आकडा मात्र आणखी घसरून ८९४ झाला होता. सावरला म्हणावयाचे तरी १९९१ च्या तुलनेत तो अडुसष्टने कमीच होता. उपकरण यंत्रावर नजर ठेवते. सुनेच्या पोटाकडे पाहणाऱ्या घरावर ते नजर ठेवू शकत नाही.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. अमेरिकेतील स्त्री गर्भपाताचा हक्क मागते आणि कोल्हापुरातील स्त्री-संघटना गर्भलिंगनिदानाला विरोध करतात, म्हणजे स्त्रीवाद्यांचे तळ्यात-मळ्यात चालले आहे, असा टोमणा काही जण मारतात. टोमणा चुकीचा आहे. तिकडे मूल नको असताना ते वाढविण्याची सक्ती होते, इकडे मुलगी हवी असतानाही ती पाडण्याची सक्ती होते. दोन्हीकडे निर्णय दुसऱ्याचा आणि शरीर तिचे.

आता मूळ कारणाकडे, म्हणजे मालमत्तेकडे वळले पाहिजे. समाजवाद्यांनी हे मूळ इतरांपेक्षा आधी ओळखावयास हवे होते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. केंद्राने २००५ मध्ये ती देशाला लागू केली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरल्यासुरल्या शंकाही दूर केल्या. कागदावर आज कोल्हापूरच्या शेतकऱ्याची मुलगी पश्चिमेतील कोणत्याही मुलीपेक्षा मागे नाही. किंबहुना जेथे बाप मृत्युपत्राने सगळे एकालाच देऊ शकतो अशा इंग्लंडातील मुलीपेक्षा वडिलोपार्जित जमिनीपुरती ती पुढेच आहे.

आणि प्रत्यक्षात? प्रत्यक्षात हक्कसोडपत्र आहे. बाप वारला की दिवस-कार्य आटोपताच भाऊ बहिणींना गाडीतून तालुक्याच्या गावी नेतात. तेथे बहिणी सही करतात किंवा अंगठा उठवितात. बदल्यात साडीचोळी मिळते, दिवाळीला माहेरी येण्याची वाट मोकळी राहते. जी सही करीत नाही तिला माहेर तुटते, भाऊबीज बंद होते आणि गावात तिचे नाव ‘वाटणी मागणारी’ असे पडते. सासरी जर नवऱ्याने टाकले तर परत यावयाला जागा राहावी म्हणून ती सही करते. आणि सही केल्यामुळेच परत आल्यावर त्या घरात तिचा हक्क राहत नाही. या कोंडीला कायदा उत्तर देऊ शकत नाही, कारण हक्कसोडपत्र पूर्णपणे कायदेशीर आहे. त्यावर ‘राजीखुशीने’ असा शब्द असतो. गावातील दहा बहिणी एकाच वेळी सही करण्यास नकार देतील आणि दहाही जणींना पाठीशी घालणारी एखादी संघटना गावात असेल, तेव्हाच या शब्दाला काही अर्थ येईल. तशी संघटना बांधणे याचेच नाव स्त्रीमुक्तीची चळवळ. तिला परकीय शब्द वाटत असेल त्याने ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्यात बसून १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, हे आठवावे. कुटुंबसंस्था आणि खाजगी मालमत्ता यांचे नाते उलगडणारा एंगल्सचा ग्रंथ त्यानंतर दोन वर्षांनी निघाला.

या बाबतीत शेतकरी संघटनेचे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शरद जोशी यांच्या अर्थविचाराशी समाजवाद्यांचे मतभेद तीव्र होते आणि ते योग्यच होते. पण १९८६ मध्ये चांदवडला लक्षावधी शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरविले ते त्यांनी, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करावयास लावले तेही त्यांनीच. मालमत्तेच्या फेरवाटपाचा उठता-बसता उच्चार करणाऱ्यांनी मात्र आपापल्या घरचा सातबारा त्या दृष्टीने क्वचितच पाहिला.

जमीन असलेल्यांची ही कथा. जमीन नसलेल्यांकडे पाहावयाचे तर गळीत हंगामात जिल्ह्यातील कोणत्याही उसाच्या फडावर जावे. बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेल्या टोळ्या पाचटाच्या खोपींतून राहतात. त्यांची मोजदाद माणसांवर होत नाही, कोयत्यावर होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तोडणारा तो, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणारी ती. पण मुकादमाकडून उचल घेतो तो, हिशेब होतो त्याच्याशी. पहाटे फडावर येण्याआधी तिची भाकरी भाजून झालेली असते, रात्री खोपीत परतल्यावर पुन्हा चूल असते. एक दिवस काम चुकले की खाड्याचा दंड, म्हणून पाळीचे दिवसही परवडत नाहीत. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहिले तेव्हा बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. शस्त्रक्रिया बीडमध्ये होतात, परंतु ज्या दंडाच्या भीतीने त्या होतात तो दंड पश्चिम महाराष्ट्राच्या फडांवर बसतो. साखर येथल्या कारखान्यांची आहे. भारतात समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला. पण ज्या स्त्रीचे वेतन स्वतंत्रपणे अस्तित्वातच नाही तिला तो लागू तरी कसा करावयाचा?

हा शब्दांचा खेळ शहरातही चालतो. अंगणवाडी सेविका पगार मागू शकत नाही, कारण तिला मिळते ते ‘मानधन’; आशा कार्यकर्ती तर ‘स्वयंसेविका’. डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकांनी पुकारलेला बेमुदत संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. ग्लासगोच्या शुश्रूषा-कामगारांची तक्रार आणि यांची तक्रार एकच आहे: जे काम आई घरात फुकट करते ते बाहेरही स्वस्तच असले पाहिजे, हे गृहीत. त्याखेरीज एक गोष्ट सुखवस्तू स्त्रीवाद्यांनाही ऐकविली पाहिजे. पश्चिमेतील अनेक स्त्रिया घराबाहेर पडल्या त्या परदेशी मोलकरणी आणि दाया घरात आणून. आपल्याकडे ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीतील उच्चशिक्षित स्त्री धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पाठीवर पाय देऊन बाहेर पडते. पुरुषाने हात लावला नाही, काम फक्त एका स्त्रीकडून दुसऱ्या गरीब स्त्रीकडे सरकले. अशा मुक्तीवर समाजवाद्यांनी टीका जरूर करावी. मात्र ती करताना आपल्या घरातील भांडी कोण घासते हे आधी पाहून घ्यावे.

कायद्यांचा गैरवापर होतो, खोट्या तक्रारी होतात, असाही एक आक्षेप हल्ली जोरात आहे. होत असतील. कूळकायद्याचाही गैरवापर झाला, सहकारी कायद्याचा तर या जिल्ह्यात किती झाला हे सांगावयास नको. म्हणून कसेल त्याची जमीन हे तत्त्व कोणी सोडले नाही आणि सहकारी संस्थाही कोणी गुंडाळल्या नाहीत.

अंबाबाईच्या गाभाऱ्याचा वाद येथे थोडक्यात घ्यावा. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशात स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही असे स्पष्ट केले. त्यानंतरच्या पंधरवड्यात प्रवेशासाठी आलेल्या तृप्ती देसाई यांना गाभाऱ्यातच मारहाण झाली. देवी स्त्री, आणि स्त्रीनेच तिच्यापासून दूर राहावे! गाभाऱ्यात शिरल्याने कोणा ऊसतोड बाईचा खाडा माफ होत नाही हे खरे. पण ज्यांनी तो प्रवेश क्षुल्लक म्हटला त्यांनी तो अडविण्यासाठी हात उगारणाऱ्यांना क्षुल्लक का वाटला नाही, हेही सांगावे.

उरतो प्रश्न आपल्याच चळवळीचा. डॉ. राममनोहर लोहिया यांनी आपल्या सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेची क्रांती पहिल्या क्रमांकावर ठेवली होती. जात आणि योनी हे भारतीय मनाचे दोन तुरुंग आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते आणि कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली १९७२-७३ च्या महागाईविरोधी लढ्यात हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. हा वारसा अभिमानाचा आहे. पण ती लाटणी मोर्चा संपल्यावर पुन्हा त्याच स्वयंपाकघरात गेली आणि ती उचलणारे हात बदलले नाहीत. जिल्ह्या-जिल्ह्यांत बैठकीला सतरंजी घालणाऱ्या आणि चहा करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ होत्या, कार्यकारिणीवर मोजक्या. वर्ग आधी, स्त्री नंतर, हे सूत्र सोयीचे होते, कारण ‘नंतर’ला तारीख नव्हती. २०११ पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना पन्नास टक्के जागा राखीव आहेत. पुरोगामी म्हणविणाऱ्या गटांच्या पॅनेलमधूनही सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी पतिराज बसलेले दिसतात, आणि त्यांना उठावयास सांगणारा कार्यकर्ता विरळा.

कामे समोर आहेत आणि ती करण्यासाठी नव्या सिद्धांताची वाट पाहावी लागत नाही. येत्या हंगामाआधी तोडणीच्या करारावर व उचलीच्या नोंदीत स्त्रीचे नाव आणि तिच्या हिश्शाची रक्कम वेगळी लिहिली जावी, यासाठी कारखान्यांच्या सभासदांनी वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. सभासदांत समाजवादी विचाराची माणसे आजही थोडी नाहीत. दूध संस्थेत जी धार काढते तिच्या खात्यावर बिल जमा व्हावे, हा ठराव गावच्या संस्थेत मांडता येतो. आणि हेरवाडच्या ठरावाचे पुढले पाऊलही तेथेच, ग्रामसभेत, टाकावयाचे आहे. त्या ठरावात कुंकवाचा, बांगड्यांचा आणि जोडव्यांचा उल्लेख आहे. घराचा आणि सातबाऱ्याचा नाही. गावात पुरुषाचे निधन झाले की दुःखाचे दिवस संपण्याआधी त्याच्या विधवेची वारस म्हणून नोंद महसूल दप्तरी व्हावी, घरपट्टीच्या उताऱ्यावर तिचे नाव लागावे, आणि तोवर भावकीतील कोणीही तिच्यापुढे सहीचा कागद ठेवू नये, असा दुसरा ठराव शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांतील प्रत्येक ग्रामसभेपुढे आणता येईल. कुंकू पुसू नये म्हणताना ज्या सभेत टाळ्या पडल्या, त्या सभेत या ठरावाला अनुमोदन द्यावयास किती हात वर होतात, ते पाहावे.